चार पक्ष्यांची पिलावळ

मॉरिशसमध्ये जिकडे बघावं तिकडे डोडो. टी-शर्टवर डोडो, चहाच्या मगावर डोडो. मला मात्र जिवंत असलेला पक्षी बघायचा होता, इथला केस्ट्रल नावाचा छोटा शिकारी पक्षी, म्हणून पूर्वेकडचं फर्नेचं जंगल गाठलं. ड्रायव्हरकाकांचे पूर्वज कोकणातले. बोलणं सगळं इथल्या क्रिओल भाषेत, पण गणपतीच्या आरत्या तोंडपाठ! केस्ट्रलचं नाव काढताच हसले, "मांजेर द पूल!" म्हणजे कोंबडीखाऊ. बिचाऱ्याची ही निव्वळ बदनामी, कारण त्याचं मुख्य खाणं म्हणजे झाडावरच्या हिरव्या पाली.

पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशीही दोन तास फक्त डास. वाटेत चिनी पेरूची इतकी दाट झुडपं, की मूळचं एबनीचं झाड दिसलं की गाइड थांबून दाखवायचा. बाहेरून आलेल्या या पेरूने इथल्या झाडांची जागा बळकावली आहे.

मग डोक्यावर काहीतरी सर्रकन गेलं. खरं तर हा ससाण्याच्या कुळातला, पण पंख आपल्या शिक्र्यासारखे आखूड आणि गोलसर. फांद्यांमधून वळणं घ्यायला तेच सोयीचे. समोरच्या फांदीवर बसला तेव्हा पांढऱ्या छातीवरचे काळे ठिपके दुर्बिणीशिवाय मोजता आले असते.

१९७४ साली रानात असे फक्त चार पक्षी माहीत होते. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, जंगलतोड, वर मुंगूस, माकडं, मांजरं. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हे वेल्समधले जीवशास्त्रज्ञ आले. कड्यावरच्या कपारीतली अंडी ते काढून घ्यायचे. मादी पुन्हा अंडी घालायची आणि पहिली पिल्लं माणसांच्या हाताखाली वाढायची. अंडी पळवून पक्षी वाचवायचा, हे ऐकायला विचित्रच वाटतं. पुढे संख्या शेकड्यांत गेली. तरी २०१४ पासून नाव पुन्हा 'संकटग्रस्त' यादीत आहे. आज उडणारे सगळे त्या मूठभरांचेच वंशज.

हे सांगता सांगता गाइड एकदम गप्प झाला. पक्षी खाली झेपावला, बुंध्याला घासून गेला आणि पायात हिरवीगार पाल घेऊन वर आला. तिची तुटलेली शेपटी माझ्या बुटाजवळ पडली आणि बराच वेळ वळवळत राहिली.