क्रोमियम सोसणारा जिवाणू: आकड्याआधी माध्यम विचारा

‘हा जिवाणू १००० पीपीएम (लिटरला १००० मिग्रॅ) धातू सोसतो’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, कुठल्या माध्यमात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या कुठल्या खाद्यात? माध्यमातलं पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) जस्त, कॅडमियम, तांब्याचे आयन बांधून ठेवतं आणि फॉस्फेटमुळे त्यांचा साका खाली बसतो. जिवाणूच्या वाट्याला विष येतंच कमी. बेल्जियममधल्या जस्त कारखान्याच्या गाळात १९७६ साली सापडलेला धातू सोसणारा जिवाणू, क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स सीएच३४, म्हणूनच ट्रिस बफरच्या, अगदी कमी फॉस्फेटच्या माध्यमात तपासतात.

क्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी क्रोमियम-६ रूपाची, तऱ्हा वेगळी. ते सल्फेटच्या वाटेने पेशीत शिरतं. माध्यमात सल्फेट भरपूर असेल, तर लेचापेचा जिवाणूही दणकट दिसतो. त्यामुळे सल्फेट किती घातलं हे नोंदवलंच पाहिजे.

साठा-द्रावणासाठी २.८२९ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट पाण्यात विरघळवून १०० मिली करा. लिटरला १०,००० मिग्रॅ क्रोमियम-६ मिळतं. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह करू नका, कारण गरम ग्लुकोज आणि यीस्ट अर्क क्रोमियम-६ चं कमी विषारी क्रोमियम-३ करून टाकतात. ५० अंशांपर्यंत निवलेल्या ९९ मिली अगारमध्ये १ मिली साठा घातला की लिटरला १०० मिग्रॅ होतं. मातीतले जिवाणू शोधायला १ ग्रॅम माती ९ मिली सलाइनमध्ये अर्धा तास हलवून, दसपट विरलनं करून ०.१ मिली या अगारच्या प्लेटवर पसरा. ३० अंशांना ७२ तास वाट पाहा, वाढ मंद असते.

वसाहत उगवली म्हणजे क्रोमियम निर्विष झालं असं नाही. पेशीच्या आवरणात सीएचआर-ए (ChrA) नावाचा पंप असलेले जिवाणू क्रोमेट नुसतं बाहेर फेकतात. खरी तपासणी द्रव माध्यमात: पेशी सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव आम्ल करा, डायफेनिलकार्बाझाइड (क्रोमियम-६ सोबत जांभळा रंग देणारं रसायन) घाला आणि ५४० नॅनोमीटरला जांभळा रंग मोजा. सोबत दोन कंट्रोल हवेतच. एक जिवाणूविना, दुसरा उष्णतेने मारलेल्या पेशींचा. पहिल्यातही रंग उतरला तर काम माध्यमाने केलंय. दुसऱ्यात उतरला तर मेलेल्या पेशींनी क्रोमियम चिकटवून घेतलंय किंवा त्यांच्यातल्या सेंद्रिय पदार्थांनी ते बदललंय.

एकूण क्रोमियम मात्र कुठेच जात नाही. मातीत मँगनीज ऑक्साइड असेल तर क्रोमियम-३ पुन्हा क्रोमियम-६ होऊ शकतं, म्हणून शेतात वापरण्याआधी मँगनीजही तपासा. आणि क्रोमियम-६ कर्करोगकारक आहे: हातमोजे घाला, उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.