तुम्ही विचारलंत म्हणून: नेमकं कोणतं डाएट केलं?

माझं वजन उतरल्यापासून हा प्रश्न मला आता बँकेत काउंटरच्या पलीकडून सुद्धा येतो. स्लिप भरता भरता बायका विचारतात, "मॅडम, कोणतं डाएट केलं हो, चार्ट असला तर व्हॉट्सॅपला टाका ना." माहेरी लातूरकडं गेलं की चुलत्या, मावश्या हात धरून बाजूला नेतात, "काय खायलीस ग नेमकं, खरं सांग." दोन मिनिटात सांगून होत नाही आणि अर्धवट सांगितलं की त्या अर्धंच करतात अन् मग मलाच फोन करतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते. चार्ट माझ्याकडं नाहीये, ते आधीच सांगते.

एक असं डाएट नाहीच. तीन-चार करून बघितले, काही सोडले, काहीतलं थोडं राहिलं. फरक कशानं पडला म्हणाल तर मी डाएटचं नाव बघायचं सोडलं आणि जेवल्यावर तीन-चार तासांनी माझं काय होतंय ते बघायला लागले. भूक कशी लागते, डोकं दुखतं का, पोट फुगतं का, संध्याकाळी घरी आल्यावर डबे उघडत फिरते का. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच गोष्टी एकदम बदलल्या की बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळत नाही.

सुरुवात कीटोनं झाली, म्हणजे भात-भाकरी-साखर जवळजवळ बंद अन् पोट भरायचं ते लोण्या-तेलावर, पुण्याच्या नणंदेनं पाठवलेल्या चार्टवरून. त्यात अव्होकाडो, बदामाचं पीठ, ऑलिव्ह ऑइल. आता परभणीत अव्होकाडो कुठं शोधायचा अन् सापडला तर कोणत्या भावानं घ्यायचा! तरी पनीर, अंडी, लोणी यावर रेटलं. हे कीटो मुळात १९२० च्या दशकात फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी, मुख्य म्हणजे लहान मुलांसाठी, डॉक्टरांनी काढलेलं, वजनासाठी ते नंतर वापरात आलं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, पण त्यात बरचसं पाणी असतं, कारण शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याला धरून बसलेलं पाणी निघून जातं, सोबत मीठही जातं. पुण्याच्या एसी ऑफिसात ते चालत असंल. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला, त्यात आधीच घामानं मीठ चाललेलं, मला दुपारी उठलं की अंधारी यायची. वर घरात तव्यावर भाकरी फुगायलीय, तिचा वास सुटलाय आणि मी पनीरचे तुकडे चघळत बसलेय. सोडलं.

सकाळचा हिरवा ज्यूस, पालक, दुधी, आवळा वगैरे, तो पण केला. पोट फुगण्यापलीकडं काही मिळालं नाही. डिटॉक्स डिटॉक्स म्हणतात, पण ते काम लिव्हर आणि किडन्या फुकटात करायल्यात की.

मग आलं दोन वेळा जेवण. तुम्हाला आठवत असंल, २०१८ च्या आसपास सगळ्या महाराष्ट्रात 'दीक्षित की दिवेकर' हे भांडण चालू होतं. घरातल्या घरात दोन पार्ट्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून आमच्या माहेरी तर तो अभिमानाचा विषय. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगतात. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटं चालणं. तिकडं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणायच्या दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, आपलं गावाकडचं खा, तुपाला भिऊ नका. दोघांचंही ऐकणारे बारीक झालेले मी डोळ्यानं बघितलेत. दोघांचंही ऐकून न झालेले सुद्धा.

आमच्या ह्यांना दोन वेळचं इतकं मानवलं की विचारू नका. त्यांचं एचबीए१सी, म्हणजे शुगरची एक रक्ततपासणी, ६.१ होतं, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ ला प्री-डायबिटीस म्हणतात आणि हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो). ते ५.६ वर आलं. त्यांचं काम शेताकडचं, दहाला जेवून निघायचं, सातला परत येऊन जेवायचं, मधे चहावाले मित्र बंद झाले आणि चहासोबतची भजी बंद झाली. गोळी चालू नव्हती म्हणून भीती पण नव्हती. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय असे लांब गॅप घेऊ नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. आईसाठी विचारणाऱ्या जेवढ्या जणी आहेत त्यांनी ही ओळ परत वाचा.

मला तेच झेपलं नाही. मला अर्धशिशी आहे, लांब उपाशी राहिलं की हमखास उठते. बँकेत लंच दोनला, संध्याकाळी घरी यायला साडेसहा, आणि तोपर्यंत डोक्यात घण पडायलेत. मग रात्री जेवायला बसले की दोन वेळचं एकदम. पद्धत वाईट असती तर ह्यांचा आकडा खाली आला नसता. एकाच घरात, एकाच चुलीवरचं, एकाला लागू पडलं अन् एकाला नाही, एवढंच. आता मी पाचला मूठभर फुटाणे खाते, कधी शेंगदाणे. काउंटरखाली डबी असते. त्यात माझं रात्रीचं जेवण आपोआप अर्ध्यावर आलं.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते गव्हानं. कोणीतरी सांगितलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, बंद कर, चेहऱ्यावरची सूज सुद्धा उतरते. आपल्याला काय, ज्वारी घरचीच. गहू बंद केला, दोन्ही वेळा भाकरी, आणि खरंच हलकं वाटायला लागलं, पोट फुगायचं थांबलं. मी सगळ्यांना सांगत सुटले असते, पण आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अग पोळीनं फुगायचं असतं तर माझं आयुष्यभर फुगलं असतं, तू ते खारी-टोस्ट खायलीस ते बघ आधी." बरोबर होतं. गहू बंद म्हणजे पोळीसोबत पाव बंद, बिस्कीट बंद, टोस्ट बंद, कुणाच्या बड्डेचा केक बंद, ऑफिसच्या नाश्त्यातला समोसा बंद. मैदा, साखर, डालडा सगळं एका झटक्यात गेलेलं आणि क्रेडिट मी ज्वारीला द्यायले. मग फक्त घरची पोळी परत आणली, बाकीचं बंदच ठेवलं. काही झालं नाही. पोट शांत. नंतर एक आठवडा टोस्ट परत आणले, पोट परत फुगलं.

म्हणजे ज्वारी वाईट का? अजिबात नाही, माझी दुपारची भाकरी आजही आहे. पण तिच्याबद्दल जे सांगतात त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा, १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, फायबर साधारण १० ग्रॅम. चोकरासकट गव्हाच्या पिठात दोन्ही तेवढंच, उलट किंचित जास्तच. फरक पडतो तो चाळून कोंडा काढलेल्या पिठानं आणि मैद्यानं. आणि आमच्याकडची भाकरी म्हणजे काय असते ते तुम्हाला माहितीय, मी एकदा पीठ मोजलं तर एका भाकरीला ७०-८० ग्रॅम, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. अशा अडीच भाकऱ्या अन् वाटीभर पाणचट वरण, हे ताट पौष्टिक म्हणून आम्ही पिढ्यानपिढ्या खाल्लं, पण दिवसभर शेतात राबून. खुर्चीत बसून नाही.

एक महत्त्वाचं, ज्यांना खरंच गव्हाचा त्रास असेल, म्हणजे सारखे जुलाब, वजन घटणं, रक्त कमी, त्यांनी गहू बंद करायच्या आधी ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या, टीटीजी म्हणतात तिला. आधीच गहू सोडला तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

दुधाचं पण असंच एकेक करून कळलं. कपभर दूध प्यायलं की पोटात गुरगुर, पण दही, ताक कितीही चालतं. दह्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बऱ्यापैकी कमी झालेलं असतं, म्हणून बऱ्याच जणांना असं होतं. मी दूध सोडलं, ताक वाढवलं, विषय संपला.

गूळ, मध आणि सैंधव यावर फार वेळ घालवत नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, कॅलरी थोड्याशाच कमी. साखरेऐवजी गूळ घालून चहा तेवढाच गोड केला तर काय मिळवलं? आणि सैंधव वापरायचं तर वापरा, पण त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं, घरातलं साधं आयोडीनवालं मीठ एकदम हद्दपार करू नका. उपासाचं साबुदाण्याचं तर तुम्हाला माहितीच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे नुसतं स्टार्च, प्रथिनं जवळजवळ शून्य. आमच्याकडं आता भगर अन् शेंगदाण्याची आमटी असते, दुपारपर्यंत टिकते.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. वजन उतरत होतं तरी माझा थकवा जात नव्हता. जिना चढला की धाप. मी तोपर्यंत ते पण डाएटवर ढकलत होते, हे कमी पडतंय, ते जास्त होतंय. शेवटी सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, केली तर हिमोग्लोबिन ९.२. बाईला १२ तरी पाहिजे. आणि मी काही एकटी नाही, २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अशाच निघाल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घ्याव्याच लागल्या, नुसत्या तांदूळजाच्या भाजीनं ९.२ चं १२ झालं नसतं. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मोठी होती: जेवणासोबत अन् जेवणानंतर लगेच चहा बंद. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू उलट मदत करतं. आमच्या घरात ताट उचललं की चहा ठेवायची पद्धत. तो आता तासाभरानं होतो, आणि पालेभाजीवर लिंबू. हे करायला एक रुपया लागला नाही. रक्त कमी असलं की एचबीए१सीचा आकडा पण गडबडतो, जास्त दाखवू शकतो, म्हणून दोन्ही तपासण्या सोबत करा.

जाता जाता, आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं मिळून २०१८ मधे 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी आणलीय, साध्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त असलेली. कुणाच्या घरी शेती असेल तर बियाण्याची चौकशी करा.

तर आता मी खाते काय. सकाळी धपाटं किंवा मुरमुऱ्याचा सुशीला, सोबत दही किंवा उकडलेलं अंडं. दुपारी दीड भाकरी, वरण किंवा मटकीची उसळ, पण वाटीभर नाही, दोन वाट्या, आणि घट्ट. पालेभाजी भाजीवालीकडं जी असंल ती, अंबाडी, चुका, पाथरी, तांदूळजा. चटणी जवसाची नाहीतर कारळाची. रात्री आठच्या आत एक पोळी, भाजी, ताक. भाकरी कमी झाली त्याचं दुःख नाही, कारण डाळ वाढली की भूकच लवकर लागत नाही. तूरडाळीत १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, आणि तूर तर आपल्या दारात पिकते. तेलासाठी चमचे मोजत बसले नाही, महिन्याला किती आणायचं ते ठरवलं, माणशी पाऊण किलोच्या आत. डबा संपला की संपला. करडईचं घाण्यावरचं मिळालं तर घेते, पण शिवारात सगळीकडं सोयाबीन झाल्यापासून ते महागलंय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मात्र मला काही विचारायचं नाही. माहेरी शेतात कोपीसमोर बसून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, पोटाला तडस लागेपर्यंत. तसंही ती भज्जी म्हणजे सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे अन् पालेभाज्या एका पातेल्यात, कुठल्या डाएटवाल्याची हिंमत आहे तिला नाव ठेवायची.

किती किलो कमी झालं ते सांगत नाही, कारण मग तेवढंच लक्षात ठेवता. कंबर मोजा, बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांना ९० च्या आत, आपल्या लोकांसाठी हे माप काट्यापेक्षा जास्त सांगतं. माझी अजून ८० च्या आत आलेली नाही.

सध्या रात्रीच्या भाताचं बघायले. तो बंद केल्यावर झोप उशिरा लागते असं मला वाटतं, ह्यांचं म्हणणं ती मोबाईलमुळं लागत नाही. म्हणून आधी मोबाईल बंद करून बघणार, भात तसाच बंद ठेवणार, मग उलटं करणार. सासूबाईंचं मत आहे की एवढ्या भानगडीपेक्षा गुरगुट्या भात कर अन् झोप.