डावी कूस

दिवस सदतिसावा. वजन १४६० ग्रॅम, कालच्यापेक्षा १५ जास्त. एवढ्यावर आज गप झोपायला हवं होतं मी.

पण सकाळचं ते डोक्यातून जात नाहीये. कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन चढवून आत गेले, बाळाला ठेवलंय त्या उबेच्या पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि त्याला जरासं डावीकडे वळवलं. रात्रपाळीच्या सिस्टर निघायच्या बेतात होत्या, पर्स खांद्याला. तिथूनच म्हणाल्या, "एने डाबे पडखे नथी फावतुं." आणि परत हात धुऊन येऊन त्याला दोन बोटांनी उजव्या कुशीवर केलं. त्याच्या कपाळावरची आठी गेली. स्क्रीनवरचा ऑक्सिजन ८९ वरून हळूहळू ९५ झाला.

एवढंच. टोचून नव्हत्या बोलल्या. पण माझ्या मुलाला काय फावतं नि काय नाही, ते दुसऱ्या कुणी मला सांगायचं?

त्यात त्या केरळच्या. आमच्याशी गुजराती, त्याच्याशी मल्याळम. "मोने, मोने" चाललेलं असतं. मोने म्हणजे बाळा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं फाइलवर आडनाव चुकलंय, काउंटरवर जाऊन तपासूनही आले होते. मराठी घरातला, बडोद्यात जन्मलेला मुलगा, आणि लळा लागणार मल्याळमचा.

एकोणतिसाव्या आठवड्यात आला. म्हणजे माझे अकरा आठवडे बाकी होते. ते त्या पेटीला मिळाले, सिस्टरना मिळाले. रात्रभर त्या जवळ, आणि मी घरी गजर लावून पंप घेऊन बसायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची. नळीतून दर दोन तासांनी १८ मिली जातं ते माझंच, हे खरं. पण नळी धरणारा हात माझा नाही. डावी कूस मला कळणार कधी?

श्वास घ्यायला विसरू नये म्हणून त्याला देत होते ते कॅफीन परवा बंद केलं. चौतीस आठवड्यांच्या आसपास श्वास घ्यायची आठवण मेंदूला आपली आपण राहायला लागते म्हणतात. आता सलग पाच दिवस घंटा वाजायला नको. वाजली की मोजणी पुन्हा एकपासून. दुपारी वाजली. दिवसपाळीच्या सिस्टरनी तळपायाला टिचकी मारली, त्याने श्वास घेतला. मी शेजारीच होते. हातातलं पेन खाली ठेवेपर्यंत सगळं झालंही होतं. त्यावर आज नाही लिहीत.

मग कांगारू. प्राणी ऑस्ट्रेलियाचा, पण ही रीत निघाली १९७८ साली कोलंबियात, बोगोटाला, पेट्या पुरेनात म्हणून. (समोरच्या भिंतीवर तक्ता आहे, दोन तास हलता येत नाही, मग माणूस सगळं वाचतो.) बाळ छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडून, वरून ओढणी घट्ट. मनात म्हटलं, इथे कसली डावी नि कसली उजवी! तर पठ्ठ्याने पाचच मिनिटांत मान फिरवली आणि गाल टेकला तो उजवीकडेच. मी हळूच डावीकडे करून पाहिली. पुन्हा उजवीकडे. गळ्यापाशी त्याचा श्वास लागत होता, फुंकर म्हणावी तर तेवढाही नाही. बरोबर होतं सिस्टरचं. हसूच आलं मला, आणि हसले की तो वर-खाली हलायचा, म्हणून ते दाबत बसले.

येताना रिक्षा सुरसागरला अडकली, तर तिथेही तेच. तळ्यातले महादेव आपले उभे. त्यांना कुशीचा प्रश्नच नाही.

पुण्याच्या वहिनींचा फोन होता. बारसं कधी, म्हणून. असो.

रात्री आईंनी अळिवाची खीर पुढे केली. "आज काय म्हणतोय?"

"त्याला डाव्या कुशीवर फावत नाही," मी अशा ठसक्यात सांगितलं, जसा काही शोध माझाच.

"बापावर गेलाय," आई म्हणाल्या.

बाप आत्ता शेजारी घोरतोय. डाव्या कुशीवर.