तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या कॅप, ब्रिज, इम्प्लांट किती वर्षं टिकतात?

"इम्प्लांट लाइफटाइम टिकतं ना डॉक्टर?" "ही कॅप किती वर्षं जाईल?" "ब्रिज केला की परत काही करायला लागणार नाही ना?" शब्द बदलतात पण प्रश्न एकच, आणि तो पेशंट विचारतात, त्यांच्यासोबत आलेली मुलं विचारतात, ओळखीतल्या कुणाला दुसरीकडे काहीतरी सांगितलेलं असतं तेही फोन करून विचारतात. प्रश्न रास्तच आहे. एवढा त्रास काढायचा, इतक्या वेळा तोंड उघडून बसायचं, तर ते किती चालेल हे कळायलाच हवं. पण पुढचा पेशंट बाहेर थांबलेला असताना दोन मिनिटांत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी: कॅप म्हणजे दात तासून त्यावर बसवलेलं टोपण, ब्रिज म्हणजे गेलेल्या दाताच्या शेजारच्या दातांवर कॅप बसवून मधे जोडलेला खोटा दात, आणि इम्प्लांट म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर कॅप बसते.

आधी आकडे सांगते, कारण ते चांगले आहेत आणि लपवण्यासारखं काही नाही. पेशंटवर पाच-दहा वर्षं लक्ष ठेवून केलेले जगभरातले अभ्यास एकत्र करून जे आढावे निघालेत त्यांत असं दिसतं की एका दाताच्या जागी एक इम्प्लांट आणि त्यावर एक कॅप केली तर 10 वर्षांनी 100 पैकी साधारण 95 इम्प्लांट्स हाडात जागेवर असतात, पण त्यांच्यावरच्या कॅप्स मात्र 89 च्या आसपासच उरलेल्या असतात, बाकीच्या बदलाव्या लागलेल्या असतात. आपल्याच दोन दातांवर बसवलेला साधा ब्रिज, तोही 10 वर्षांनी 100 पैकी 89 जणांच्या तोंडात असतो. एकाच बाजूच्या आधारावर लटकता ठेवलेला ब्रिज 80 च्या घरात. म्हणजे इम्प्लांट म्हणजे कायमचं आणि ब्रिज म्हणजे तात्पुरतं असं जे लोकांच्या डोक्यात बसलंय ते आकड्यांत काही दिसत नाही, निदान पहिल्या दहा वर्षांत तरी नाही.

आता हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा, की मोजताना फक्त एवढंच बघितलेलं असतं की बसवलेली वस्तू तोंडात आहे का नाही. मधे स्क्रू ढिला झाला, पोर्सिलेनचा टवका उडाला, हिरडी सुजून रक्त येत राहिलं, तरी ती "टिकली" मध्येच धरली जाते. इम्प्लांटवरच्या ब्रिजचं बघा, 5 वर्षांनी 100 पैकी 95 ब्रिज तोंडात होते, पण त्या पाच वर्षांत काहीच तक्रार झाली नाही असे पेशंट होते फक्त 66 टक्के. म्हणजे तिघांतल्या एकाला काही ना काही दुरुस्ती लागली. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून पेशंटला वाटतं आपलंच काम बिघडलं, आपल्यालाच फसवलं, आणि खरंतर ते अपेक्षित असतं.

लाइफटाइमचं म्हणाल तर तशी उदाहरणं खरोखर आहेत. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला घेतली तर ती हाडाला अशी काही चिकटली होती की निघेचना, तिथून हे सगळं सुरू झालं. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या पेशंटला पहिली इम्प्लांट्स बसवली आणि ती 2006 मध्ये लार्सन वारले तोपर्यंत, चाळीसच्या वर वर्षं, कामात होती. पण त्याच टीमने 1981 साली 15 वर्षांचा हिशोब छापला त्यात खालच्या जबड्यातली 91 टक्के इम्प्लांट्स टिकलेली होती आणि वरच्या जबड्यातली 81 टक्के. वरचं हाड जात्याच मऊ, विरळ. आज इम्प्लांटचा पृष्ठभाग बदललाय, हाड लवकर आणि पक्कं धरतं, आकडे सुधारलेत, तरी कुठल्या जागी बसवतोय याने फरक पडतोच. एका माणसाचं चाळीस वर्षं चाललं म्हणून सगळ्यांचं चालेल असं मी कुणालाही सांगत नाही.

माझ्या मते किती वर्षं टिकेल याच्याआधी दुसरं काहीतरी विचारायला हवं: हे जेव्हा बिघडेल तेव्हा काय बिघडेल, आणि बिघडल्यावर माझ्याकडे काय उरेल? कारण तिन्ही गोष्टी बिघडतात पण अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने.

ब्रिजचं आधी सांगते. ब्रिज मोडून पडला असं क्वचितच होतं, बिघडतो तो खालचा दात. एका टोकाचं सिमेंट हळूहळू विरघळतं, दुसरं टोक मात्र घट्ट असतं, त्यामुळे पेशंटला ब्रिज हललेला कळतच नाही. तपासताना मी ब्रिजच्या कडेला थोडं पाणी सोडते आणि बोटाने ब्रिज दाबून वर-खाली करते, सिमेंट सुटलेलं असेल तर कडेपाशी बारीक बुडबुडे येतात. बस्स, एवढंच दिसतं. पण असा ब्रिज काढला की आतून जो वास येतो आणि ब्राउन, लोण्यासारखा मऊ झालेला दात दिसतो, तो बघून पेशंट म्हणतात "पण मला काहीच दुखत नव्हतं". रूट कॅनॉल झालेल्या दाताला नस नसते, दुखणार कसं? आणि नस जिवंत असलेल्या दातांवर ब्रिज केला तरी 10 वर्षांत त्यातल्या साधारण 10 टक्के दातांची नस मरते, मग कॅपला भोक पाडून रूट कॅनॉल करायचं. आधाराचा एक दात गेला की तीन दातांचा ब्रिज चार दातांचा होतो, नाहीतर इम्प्लांटकडे वळावं लागतं. म्हणून शेजारचे दोन्ही दात कोरे, धडधाकट असतील तर ते तासून ब्रिज करायला मी सहसा तयार होत नाही, पण त्यांच्यात आधीच मोठमोठी फिलिंग्ज असतील, कॅप लागणारच असेल, तर मात्र ब्रिज हा अतिशय समजूतदार उपाय आहे आणि तो जुन्या पद्धतीचा म्हणून त्याला नाकं मुरडू नयेत.

एकट्या दातावरच्या कॅपचं थोडक्यात. कॅप झिरकोनियाची का मेटल-सिरॅमिकची यावर लोक तासभर चर्चा करतात, मात्र कॅपच्या कडेच्या वर तुमचा स्वतःचा दात सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर तरी शिल्लक आहे का यावर जास्त अवलंबून असतं. तेवढी दाताची भिंत असेल तर कॅप पकड घेते. नसेल तर सगळा जोर पोस्टवर (कॅपला आधार म्हणून मुळाच्या आत बसवलेली काडी) आणि मुळावर येतो, मग एक दिवस कॅप पोस्टसकट हातात येते नाहीतर मूळ उभं चिरतं, आणि मूळ चिरलं की दात काढावाच लागतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण बाकी बरंच होतं. सगळ्यात जास्त घाबरलेला फोन येतो तो "इम्प्लांट हलतंय" असा. बहुतेक वेळा इम्प्लांट हलत नसतं, कॅप धरून ठेवणारा आतला स्क्रू ढिला झालेला असतो. वरचं फिलिंग काढायचं, खाली भरलेली पांढरी टेफ्लॉन टेप चिमट्याने ओढून काढायची, स्क्रू काढून बघायचा, गरज असेल तर नवीन घालायचा आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना) कंपनीने दिलेल्या मापापर्यंत, बऱ्याच सिस्टिममध्ये 30-35 न्यूटन सेंटिमीटर, आवळायचा. पेशंट त्याच दिवशी चावायला मोकळा. फक्त ढिला झालेला असताना आठवडेच्या आठवडे तसंच चावत राहू नका, कारण स्क्रू आत तुटला तर तो तुकडा काढणं फार किचकट काम असतं.

खरी काळजी हिरडीची आणि हाडाची. आपल्या दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात घुसलेले असतात, इम्प्लांटभोवती ते नुसते समांतर जातात, त्यामुळे तिथे जंतूंना खाली उतरायला वाट सोपी मिळते. आधी नुसती सूज येते, ती साफसफाईने परत जाते. दुर्लक्ष झालं तर हाड झिजायला लागतं, याला पेरीइम्प्लांटायटिस म्हणतात. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या लोकांत याचं प्रमाण सरासरी 22 टक्के निघालं, पण एकेका अभ्यासात ते 1 टक्क्यापासून 47 टक्क्यांपर्यंत होतं, कारण किती हाड गेलं की आजार म्हणायचं यावर प्रत्येकाचं माप निराळं. दुखत नाही, हलत नाही, ब्रश करताना थोडं रक्त येतं एवढंच, आणि अगदी शेवटी जेव्हा हलायला लागतं तेव्हा वाचवण्यासारखं काही राहिलेलं नसतं. गेलेलं हाड भरून आणायचे उपाय आहेत पण त्यांच्यावर भिस्त ठेवावी असे नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. आणि असं इम्प्लांट काढलं की तिथे खड्डा उरतो, दुसरं बसवण्याआधी बऱ्याचदा कृत्रिम हाड भरावं लागतं.

हा त्रास कुणाला जास्त? ज्यांचे मूळचे दातच हिरड्यांच्या आजाराने हलून गेले त्यांना, कारण दात गेला तरी ती प्रवृत्ती गेलेली नसते. सिगारेट ओढणाऱ्यांना, त्यांच्यात इम्प्लांट फेल होण्याचा धोका साधारण दुप्पट. शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्यांना. आणि एक कारण आमच्या बाजूचं आहे: कॅप सिमेंटने चिकटवताना जादाचं सिमेंट हिरडीखाली गेलं आणि तिथेच राहिलं तर वर्षानुवर्षं ते सूज धरून ठेवतं. म्हणून जमेल तिथे मी स्क्रूने बसणारी कॅप पसंत करते, काढताही येते आणि सिमेंटचा प्रश्नच नाही.

रात्री दात खाणाऱ्यांनी नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, लावलंच पाहिजे. दात आणि हाडाच्या मधे जो पातळ पडदा असतो त्याच्यामुळे आपल्याला जोर किती पडतोय ते जाणवतं आणि दात किंचित दबतोही. इम्प्लांटला तो पडदा नाही, ते थेट हाडात, त्यामुळे सगळा जोर पोर्सिलेनवर आणि स्क्रूवर. अजून एक, काही वर्षांनी इम्प्लांट आणि शेजारच्या दातात फट पडते आणि अन्न अडकायला लागतं. पेशंटला वाटतं कॅप चुकीची बनवली. खरं म्हणजे आपले दात आयुष्यभर थोडेथोडे सरकत असतात, इम्प्लांट मात्र जागचं हलत नाही. फट दिसली की दाखवा, बऱ्याचदा कॅप काढून बाजूने भर घालता येते.

आणि मुळात दात वाचत असेल तर वाचवा. रूट कॅनॉल करून नीट कॅप घातलेला दात आणि इम्प्लांट, टिकण्याच्या बाबतीत अभ्यासांत साधारण सारखेच ठरलेत. "काढूनच टाका, इम्प्लांट करू" असं म्हणत येणाऱ्यांना मी आधी एक्स-रे दाखवून याच्यावर बोलते, कारण इम्प्लांट उद्याही करता येतं, काढलेला दात परत लावता येत नाही.

काम झाल्यावर रोज ब्रिजखालून सुपरफ्लॉस (ब्रिजखाली ओवून फिरवायचा दोरा), इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी बसेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश), आणि दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी तपासणी, हिरड्यांचा जुना आजार असेल तर तीन-चार महिन्यांनी. शिवाय दोन गोष्टी डॉक्टरांकडून मागून घ्या. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे, कारण पुढे हाड खाली गेलेलं दिसलं तर ते पहिल्या वर्षातलं आहे का आत्ता सुरू झालंय हे त्याच्याशी ताडूनच कळतं. आणि इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, लांबी-रुंदी लिहिलेलं कार्ड किंवा स्टिकर, त्याचा फोटो फोनमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडेही ठेवा, कारण प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याचा ड्रायव्हर वेगळा, आणि बारा वर्षांनी तुम्ही दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडे ढिली कॅप घेऊन गेलात की ते सगळ्यात आधी हेच विचारणार.