मागायला काही सुचलं नाही

मंगळवार, रात्री साडेदहा

शनिवारी हरिहरेश्वरला काळभैरवासमोर हात जोडले, डोळे मिटले आणि मागायला काही सुचलंच नाही. झालं ते एवढंच. पण पुण्याला परत आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. कणीक मळताना, कर्वे रस्त्याच्या सिग्नलला, ऑफिसात मीटिंग चालू असताना.

तिथली पद्धत अशी की आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. म्हणजे एकदा राहिलं तर पुन्हा संधी. मधल्या देवळात तर ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती, सगळे एकाच ठिकाणी. पेशव्यांचं कुलदैवत. श्रीवर्धनहून निघालेल्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवाई मिळाली, त्याआधी त्यांच्या भट घराण्यानं इथं काही तरी घातलंच असणार देवाच्या कानावर. आणि मी नुसती उभी. शेजारी वहिनी पुटपुटतेय, तिची किराण्याची यादी असते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, झालं असेल तर सरका. मी सरकले.

समाधानी झाले असं म्हणावं तर तसंही नाही. समाधानी माणूस रात्री अडीचला पंख्याकडे बघत पडत नाही. इतकी वर्षं माझी मागणी ठरलेली असायची. बाबांचं आता मागायचं काही उरलं नाही. आणि नाशिकचं... ते आज नको.

देवळामागची प्रदक्षिणा समुद्राकडेच्या कातळावरून, तिचं गणित आईनं ताम्हिणीतच केलं होतं. दशमी, तिची पाऊणपट, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती. पुढं सहा तासांनी ओहोटी. दादानं फोनवर बघितलं, दोनला पंधरा-वीस मिनिटं कमी. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मग सांगितलं काय मी?’ पाणी ओसरल्याशिवाय त्या वाटेला जायचंच नाही, भरतीत तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. पण कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या बघून आई वरच बसली. ‘तुम्ही जाऊन या. माझ्या वाटचा नमस्कार करा.’ गुडघ्यावर हात फिरवत होती. मी बघितलं, काही बोलले नाही.

खाली सगळा कातळ जाळीदार. लाटांचं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आत मिठाचे कण फुगतात आणि दगड आतून भुगा होत सुटत जातो. मिहिर प्रत्येक भोकात बोट घालत होता. एकात पेलाभर पाणी आणि नखाएवढा खेकडा. एक नांगी मोठी, एक बारीक, मोठी वर धरून उभा. मिहिरनं बोट मागं घेतलं, तरी त्यानं नांगी खाली केली नाही. मी बराच वेळ तिथंच उकिडवी बसून राहिले. लाट येत होती त्याची भीती नाही वाटली, उठायचाच कंटाळा आला होता.

विष्णुपदाशी आईची आठवण झाली. लहानपणी इथं ती वामनाची गोष्ट सांगायची. बटूनं तीन पावलं जमीन मागितली आणि सगळं घेऊन गेला. काय मागायचं ते त्याला नेमकं माहीत होतं. पण पाडव्याला आपण म्हणतो ते ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. देणाऱ्याचं. वामनाच्या नावानं कुणी ओवाळत नाही.

हे सुचलं आणि जरा हसू आलं. देवापुढं एवढी रांग, त्यात एक बाई काही न मागता पुढं सरकली तर त्यालाही बरंच वाटलं असेल. तसंही येताना माणगावच्या अलीकडं गाडीच्या रांगेत मी ‘देवा, हे सुटू दे रे’ म्हणालेच. ते त्यानं ऐकलं, पाऊण तासानं का होईना.

मघाशी आईचा फोन. सोलकढीसाठी आणलेली आमसुलं कुणाच्या पिशवीत गेली, इथपासून सुरुवात. मग एकदम, ‘काय गं, मागितलंस काय तू?’

‘तुझे गुडघे,’ मी म्हटलं.

‘घ्या! मीही तेच मागितलं. आधी विचारायचं तरी मला. एक मागणं फुकट गेलं ना.’