फेरान ते नबो: आईसोबत मोशेच्या वाटेने

आईने आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, महिला मंडळ 22 वर्षं चालवलं आणि गेल्या वर्षी अध्यक्षपद सोडलं. निरोपाला साडी नको, शाल नको, मोशेचे डोंगर दाखव, असं ती मला म्हणाली. मोशे म्हणजे बायबलात इस्राएल लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढून देवाने कबूल केलेल्या कनान देशाकडे नेणारा पुढारी. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघी निघालो. इजिप्तमधून सुरुवात करून जॉर्डनमध्ये शेवट, असा बेत होता. सामानात आईचं मराठी बायबल होतं. त्या त्या ठिकाणी बसून तो तो अध्याय मोठ्याने वाचायचा, एवढंच ठरवलं होतं. तुम्ही जाणार असाल तर हे नक्की करा.

कैरोहून गाडी सुएझ कालव्याखालच्या अहमद हमदी बोगद्यातून सीनायमध्ये शिरते. मोशेचा डोंगर मानतात त्या जबल मुसाच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन गावापर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण वाटेत चौक्या फार. पासपोर्ट पुन्हा पुन्हा काढावा लागतो, त्यामुळे सगळा दिवस हाताशी ठेवा. दाहाबला मुक्काम केलात तर तिथून दोन तासांत पोहोचता येतं. बरेच जण तसंच करतात, पण मग वादी फेरानचं खोरं हुकतं.

आणि फेरान हुकवू नये. तासन्‌तास उघडा, तांबूस दगड बघितल्यावर अचानक खजुरीची दाट राई लागते. अमालेक टोळीशी इस्राएलांची लढाई झाली ते रफीदीम हेच, अशी जुनी परंपरा आहे. समोरच्या जबल ताहुना टेकडीवर मोशे हात वर करून उभा होता म्हणतात. आम्ही खजुरीच्या सावलीत बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 17वा अध्याय काढला. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी, हात खाली आले की अमालेकांची. हात भरून आले तेव्हा त्याचा भाऊ अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. खाली प्रत्यक्ष लढत होता तो यहोशवा, मोशेनंतरचा पुढारी; बायबलात त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते इथेच.

पुढचा 18वा अध्यायही तिथेच वाचला. सासरा इथ्रो भेटायला येतो आणि बघतो तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला, लोक ताटकळत उभे. इथ्रो सरळ सांगतो, हे काही बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशे ऐकतो. मिसरातून अख्खी जमात बाहेर काढलेला माणूस सासऱ्याचं मुकाट ऐकतो, हे मला समुद्र दुभंगण्याइतकंच मोठं वाटतं. आईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे मी दरवर्षी बायकांना शिकवलं गं. स्वतः कधी केलं नाही."

सेंट कॅथरीनचा मठ सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवला. देव मोशेशी बोलला ते जळतं झुडूप म्हणून जे दाखवतात ते अंगणात भिंतीवरून खाली लोंबतं. जवळच मोशेची विहीर आहे. मोशेची होणारी बायको सिप्पोरा आणि तिच्या बहिणी त्याला भेटल्या ती विहीर हीच, असं मानतात. चर्चमध्ये फोटो काढू देत नाहीत. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. मठ पाहुण्यांसाठी सकाळी दोन-तीन तासच उघडतो, शुक्रवारी, रविवारी आणि सणांना बंद असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, कारण वेळा बदलतात.

जबल मुसाची उंची 2,285 मीटर आहे, मठापासून साधारण सातशे मीटरचा चढ. बेदुइन वाटाड्या घ्यावाच लागतो. सूर्योदयासाठी रात्री एक-दोनला निघतात. दोन वाटा आहेत. एक उंटांची, वळणावळणाने जाणारी. दुसरी 3,750 पायऱ्यांची, एका साधूने प्रायश्चित्त म्हणून रचलेली असं सांगतात. पायऱ्यांनी चढायला जाऊ नका, उजेड झाल्यावर उतरायला वापरा. गुडघे दुखत असतील तर उतरतानाही उंटवाटच बरी. शेवटच्या साडेसातशे पायऱ्या मात्र दोन्ही वाटांना आहेतच आणि तिथे उंट जात नाही.

नोव्हेंबरमध्येही कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट लागतं. वर वारा बोचतो. टॉर्चचे जादा सेल अंगाजवळच्या खिशात ठेवा. माझे पाठपिशवीत होते, थंडीने मंदावले आणि अर्धी वाट मी वाटाड्याच्या उजेडात चालले.

आई उंटावरून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत आली. तिथे चहाची दगडी खोपटी आहेत. बेदुइन चहात हबक नावाचा रानपुदिना घालतात, त्याच्या वासानेच ऊब येते. आईने पायऱ्यांकडे मान वर करून बघितलं, मग घोंगडी पायांवर ओढून घेतली. "तू जा. मी इथे बसते. वर 32वा वाच."

शेवटच्या टप्प्यात पायऱ्या म्हणजे नुसते उंचसखल दगड. वाटाड्याने दोनदा हात दिला, मी दोन्ही वेळा घेतला. माथ्यावर 1934 साली बांधलेलं छोटं चॅपल आणि शेजारी मशीद आहे. उजाडताना डोंगर आधी राखाडी, मग विटकरी, मग पेटल्यासारखे लाल होतात. मी निर्गमचा 32वा वाचला. खाली लोकांनी सोन्याचं वासरू केलेलं, मोशेने रागाने देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडलेल्या. पण दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वर जाऊन देवाला म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोडून टाक. लोकांवर संतापणारा आणि लोकांसाठी स्वतःला पणाला लावणारा माणूस एकच. नव्या पाट्या त्याला स्वतः घडवून पुन्हा हा चढ चढायला लागला. चढून आलेल्या पायांनी ते वाचलं की त्याचं वजन कळतं.

नुवेबा बंदराहून बोटीने जॉर्डनमधल्या अकाबाला उतरलो. बोटीच्या दिवशी पुढचं कुठलंही बुकिंग ठेवू नका. जॉर्डनमध्ये तीन रात्री राहणार असाल आणि पेट्रा बघायचं असेल तर जॉर्डन पास घरूनच ऑनलाइन काढा, व्हिसाचे पैसे वाचतात.

पेट्राचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला सांगायचंय ते पेट्राजवळच्या वादी मुसा गावाच्या तोंडाशी असलेल्या आइन मुसाबद्दल. तीन छोट्या घुमटांच्या साध्या इमारतीत खडकातून झरा येतो, गावातले लोक पाणी भरून नेतात. मोशेने खडकावर काठी मारली ती जागा ही, अशी इथली समजूत आहे. दूर जबल हारूनवर अहरोनाच्या कबरीचं पांढरं टिंब दिसतं.

बायबलातल्या गणना पुस्तकाचा 20वा अध्याय इथे वाचा आणि पूर्ण वाचा. खडकाशी बोल, असं सांगितलेलं असताना मोशे चिडून दोनदा काठी मारतो आणि त्याचं कनानात जाणं रद्द होतं. हे लहानपणापासून माहीत होतं. माझ्या नजरेतून सुटलं होतं ते हे: अध्यायाच्या पहिल्याच ओळीत त्याची बहीण मिर्याम वारते आणि शेवटी अहरोन. तान्ह्या मोशेच्या टोपलीवर नजर ठेवणारी बहीण नाही, पाण्यासाठी भांडणारे लोक दाराशी, आणि हात धरणारा भाऊही जायच्या वाटेवर. त्याची चूक मला लहान वाटत नाही. पण तो मला तिथे पहिल्यांदा थकलेला दिसला.

मादबा शहरात सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेक नकाशा आहे. वेळ काढून वाका आणि यार्देन नदी शोधा. त्यातला एक मासा मृत समुद्राकडून उलटा फिरलेला दाखवलाय. मग नदीपलीकडचं यरीहो शहर शोधा, भोवती खजुरी आहेत. आधी नकाशा आणि मग मोशेचा शेवटचा डोंगर नबो, हा क्रम ठेवा, म्हणजे डोंगरावरून काय बघायचं ते कळतं.

नबो तिथून दहाएक किलोमीटर. टॅक्सी परतीसकट ठरवा, वर सहजी मिळत नाही. जागा फ्रान्सिस्कन साधूंची आहे, त्यामुळे जॉर्डन पास चालत नाही. थोडे दिनार सुटे ठेवा. चर्चमध्ये सन 530च्या सुमाराचा शिकारीचा मोझेक अप्रतिम आहे. चढ नाही, वयस्कर माणसांना काही त्रास होत नाही. सकाळी समोरच्या दरीत धुरकं असतं. आम्हाला थांबावं लागलं.

कठड्यापाशी आईने स्वतः बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचला. मोशे 120 वर्षांचा होता, त्याची नजर मंदावली नव्हती. देवाने त्याला इथून सगळा देश दाखवला. तो इथेच वारला, मवाबाच्या खोऱ्यात पुरला गेला आणि त्याची कबर कुणालाच ठाऊक नाही. नवव्या वचनाशी ती थांबली: मोशेने यहोशवावर हात ठेवले होते, म्हणून लोकांनी त्याचं ऐकलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, नव्या अध्यक्षबाईंना परत गेल्यावर घरी जेवायला बोलवायचं, तिजोरीच्या किल्ल्या आणि जुनी वही अजून माझ्याकडेच आहे. धुरकं थोडं विरलं. तिने चष्मा पदराने पुसला, कपाळावर हात आडवा धरला आणि खाली बोट दाखवलं. "ते हिरवं दिसतंय ना, ते यरीहो असेल."