हरताळाखालचं नाव

मठातल्या पोथ्यांची नोंद करायला आलो होतो. बस्ते सोडून, धूळ झटकून, पानं मोजण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी महाराजांनी स्वतः देवघरातून भागवताची सचित्र पोथी आणली. मठाच्या मूळपुरुषांच्या शिष्याने ती स्वहस्ते लिहिली अशी श्रद्धा. पुण्यतिथीला ती पालखीत असते. महाराज म्हणाले, "अंबाजोगाईला दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी, तशी आमची ही पोथी."

चित्रकाराचा हात कसलेला. हिंगुळाचा लाल अजून ताजा आहे. घात केलाय तो जंगालाने. तांब्यापासून केलेला हा हिरवा रंग हळूहळू कागदच जाळतो. आधी पानामागे तपकिरी डाग पडतो, मग तडे जातात. गोवर्धनाचा हिरवा डोंगर कागदासकट गळून गेलाय आणि कृष्णाची वर उचललेली करंगळी तेवढी शाबूत आहे. आमच्याआधी पाहणी करून गेलेल्यांनी याच पानावर बॉलपेनने क्रमांक घातलाय. क्रमांक पेन्सिलने, तोही समासात लिहायचा, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. तो आकडा आठवला की अजून संताप होतो.

शेवटच्या पानावर पुष्पिका, म्हणजे पोथी कुणी आणि कधी लिहिली ते सांगणारा समारोपाचा मजकूर. शके १६१२, सर्वधारी नाम संवत्सरे, पुढे शिष्याचं नाव. तिथेच मी अडखळले. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रातला त्या वर्षाचा क्रम. १६१२ ला बाकी ४ उरते, म्हणजे प्रमोद. सर्वधारी तर बाविसावा.

भिंग लावलं. आकडा आणि नाव, दोन्हींखाली पिवळा थर. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ हा पिवळा खनिज रंग फासून वर लिहायची जुनी रीत. 'हरताळ फासणे' या आपल्या बोलण्यातला हरताळ तो हाच. पण इथे वरच्या अक्षरांच्या बोरूचा काप बाकीच्या पोथीपेक्षा जाड होता.

अवरक्त कॅमेऱ्यात हरताळ जवळजवळ पारदर्शक होतो, काजळीची शाई काळीच राहते. पडद्यावर दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. तासभर त्या सोडवत बसले. खाली शके १६९०. बाकी बरोबर २२. आणि एका वेगळ्याच माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव.

महाराजांना दाखवलं. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. "ताई, लोकं या पानाला हात लावून डोळ्याला लावतेत. त्यांला काय सांगावं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुष्पिकेतला लेखकांचा नेहमीचा श्लोक वाचून दाखवला. पाठ, कंबर, मान मोडली, मूठ आवळून, खाली तोंड घालून कष्टाने हा ग्रंथ लिहिला, तो जपा. त्या ओळींवर हरताळ नव्हता. तो श्लोक खालच्या नावाच्या माणसाच्याच हातचा.

महाराजांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. "हे तर नदीपल्याड," म्हणाले, आणि पोथी रुमालात बांधायला लागले.

नोंदपत्रावर मी दोन्ही मजकूर उतरवलेत, वरचाही आणि खालचाही. महाराजांची सही अजून व्हायची आहे.